बाळशास्त्री आणि मुधोळची वही

मुधोळ म्हटले की पुष्कळांना घोरपड्यांचे कर्नाटकातील संस्थान आठवते. आमचे मुधोळ ते नव्हे. आमचे मुधोळ गोदावरीच्या उत्तरेस, बासरच्या सरस्वतीच्या शेजारचे. निजामाच्या अमदानीत ते नांदेड जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, तेव्हा मुधोळ, भैंसा आणि कुबेर हा भाग नांदेडपासून निघून आदिलाबाद जिल्ह्यात गेला. त्याच फेरवाटणीत आदिलाबादचे किनवट आणि राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. २०१६ पासून मुधोळ निर्मल जिल्ह्यात आहे. हैदराबादेत पिढ्यान् पिढ्या नांदणाऱ्या आपल्या मराठी घरांपैकी कितीतरी घरांची मुळे याच पट्ट्यात आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळ मुलांनी पहिले अक्षर बासरच्या देवळात पाटीवर गिरवले आहे. मीही त्यांतलाच एक.

पण आज मला सांगायची आहे ती गोष्ट देवीची नाही. एका माणसाची आहे. त्याचे नाव मी प्रथम वाचले ते छापील पुस्तकात नव्हे, तर आमच्या आजोबांच्या हस्तलिखित वहीत. आजोबा मुधोळास पटवारकीचे काम पाहत. माझे वडील आणि काका शिकत होते तेव्हा वरच्या इयत्तांत सगळे शिक्षण उर्दूतून चाले. मुले दिवसा उर्दूतून भूगोल नि गणित घोकून येत, आणि रात्री कंदिलापाशी आजोबा त्यांना तोच विषय मराठीत समजावून देत. त्यासाठी त्यांनी नांदेडच्या सोयऱ्यांकडून मिळतील ती मराठी पुस्तके आणून त्यांतले सार एका जाड वहीत उतरवले होते. पृथ्वीचा आकार, ग्रहणे, त्रैराशिक, अपूर्णांक, हवेचा दाब, मराठ्यांच्या इतिहासातली सनावळी, व्याकरणातल्या विभक्ती, असे सर्व विषय एकाच वहीत होते. अक्षर बाळबोध, मोठे, सुटे. पहिल्या पानावर श्री, त्याखाली सरस्वतीला नमस्कार, आणि त्याखाली, जेथे एखाद्याने गुरूचे किंवा कुलदैवताचे नाव लिहिले असते तेथे, बाळशास्त्री जांभेकर असे लिहिलेले.

मी लहानपणी विचारले की हे आपले कोण? आजोबांनी सांगितले की आपले कोणी नव्हेत, पण ही वही मुळात त्यांची आहे. वहीतले एकही पान बाळशास्त्र्यांच्या पुस्तकावरून उतरलेले नव्हते, हे मला पुढे कळले. आजोबांच्या म्हणण्याचा अर्थ कळायला मात्र फार वर्षे लागली.

बाळ गंगाधर जांभेकर यांचा जन्म १८१२ सालचा, कोकणात देवगडाजवळच्या पोंभुर्ले गावचा. वडील गंगाधरशास्त्री पुराण सांगत. घरात वैभव नव्हते, पण विद्या होती. मराठी वाचन, लेखन, हिशेब, तोंडी कविता, स्तोत्रे आणि संस्कृताचा पाया हे सारे मुलाने वडिलांपाशीच केले. बुद्धी विलक्षण तल्लख आणि स्मरण त्याहून तल्लख, असा त्या मुलाचा लौकिक लवकरच झाला. त्या काळी अशा मुलाला पुढे दोनच वाटा असत. एक पुराणिकाची गादी आणि दुसरी कुठल्या तरी दरबारातली दक्षिणा. तिसरी वाट नुकतीच उघडत होती. ती मुंबईला जात होती.

मुंबईत एल्फिन्स्टन साहेबाच्या प्रोत्साहनाने एतद्देशीयांच्या शिक्षणासाठी एक मंडळी उभी राहिली होती. पुढे ती बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने प्रसिद्धीस आली. शाळा काढणे हे तिचे एक काम, पण त्याआधीचे काम पुस्तके तयार करण्याचे होते. हे नीट समजून घेतले पाहिजे. तोवर आपल्याकडे पंतोजीची शाळा होती, धूळपाटी होती, मोडी होती, पावकी-निमकी होती. पण इयत्तेप्रमाणे क्रमाने रचलेले, मुलाच्या हाती देता येईल असे छापील मराठी पुस्तक जवळजवळ नव्हतेच. भूगोल, पदार्थविज्ञान, बीजगणित, इतिहास या विषयांचे शिक्षण मराठीत द्यायचे तर आधी शब्द घडवायचे, मग वाक्ये घडवायची, मग पुस्तक. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश छापून निघाला तोच मुळी १८३१ साली. या सोसायटीचे एतद्देशीय चिटणीस होते सदाशिव काशिनाथ छत्रे, म्हणजे सर्वांचे बापू छत्रे. ‘बाळमित्र’ आणि इसापाच्या कथा मराठीत आणणारे ते हेच. १८२५-२६ च्या सुमारास पोंभुर्ल्याचा हा मुलगा मुंबईस आला तो बापूंच्या आश्रयाला.

तेथे त्याने इंग्रजी आणि गणित यांत जी झेप घेतली ती पाहून वडीलधारी मंडळी थक्क झाली. बरोबरीची मुले शिकत असता हा शिकवू लागला. १८३० साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याला सोसायटीचा डेप्युटी सेक्रेटरी नेमण्यात आले. ज्या वयात आपल्याकडची मुले परीक्षेच्या टिपणांची पाने उलटीत असतात, त्या वयात बाळशास्त्र्यांवर साऱ्या मुंबई इलाख्यातल्या मुलांनी काय वाचावे याची जबाबदारी येऊन पडली. तेव्हापासून अखेरपर्यंत, म्हणजे अवघी सोळा वर्षे, ती त्यांच्या खांद्यावरून उतरली नाही.

सर्वसाधारण वाचकाला बाळशास्त्री माहीत आहेत ते ‘दर्पण’कार म्हणून, आणि ते योग्यच आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला. मराठीतले ते पहिले वृत्तपत्र. महाराष्ट्रात त्या दिवशी पत्रकार दिन पाळला जातो. पण ‘दर्पण’ची मांडणी जरा आठवून पाहावी. एका पानावर दोन स्तंभ असत. एका स्तंभात इंग्रजी मजकूर आणि शेजारच्या स्तंभात मराठी. वीस वर्षांच्या संपादकाने वृत्तपत्रसुद्धा शिक्षकाच्या हातानेच आखले होते. इंग्रजी शिकणाऱ्याला शेजारी मराठीचा आधार मिळे, आणि इंग्रजी न येणाऱ्याला जगाची वार्ता आपल्या भाषेत मिळे. आधी पाक्षिक, मग त्याच वर्षी साप्ताहिक झालेले हे पत्र १८४० पर्यंत चालले. भाऊ महाजन हे त्यांचे या कामातले मोठे सहकारी.

१८३२ च्या अखेरीस बाळशास्त्री अक्कलकोटच्या राजपुत्राचे शिक्षक म्हणून तेथे गेले. संस्थानी दरबाराचा हा त्यांचा अनुभव आपल्यासारख्या संस्थानी शहरातल्या वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. राजपुत्राचा शिक्षक होणे म्हणजे जन्माची निश्चिंती. मान, मेणा, वर्षासन आणि पुढच्या पिढीलाही चाकरी, हे चित्र आपल्या पूर्वजांना परके नव्हते. बाळशास्त्री तेथे रमले नाहीत. एका राजपुत्राला शिकवण्याचे सोडून ते हजार सामान्य मुलांना शिकवायला मुंबईला परतले. १८३४ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांची असिस्टंट प्रोफेसर म्हणून नेमणूक झाली. त्या पदावर बसलेला तो पहिला एतद्देशीय माणूस. पुढे दादाभाई नवरोजी, डॉ. भाऊ दाजी, केरो लक्ष्मण छत्रे अशी माणसे त्यांच्या शिकवणीतून निघाली. शिक्षकाची ओळख करून घ्यायला शिष्यांची ही तीन नावे पुरेशी आहेत. एकाने हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा हिशेब मांडला, एक वैद्यक आणि पुराणवस्तू दोन्हींत नामांकित झाला, आणि एकाने गणित-ज्योतिषात आयुष्य घातले.

आता त्यांच्या पुस्तकांकडे वळतो, कारण आजोबांच्या वहीचे मूळ तेथे आहे. बाळशास्त्र्यांच्या नावावरची पुस्तके नुसती वाचून दाखवली तरी वाचक चकित होईल. ‘नीतिकथा’, ‘सारसंग्रह’, ‘बालव्याकरण’, ‘भूगोलविद्या’, ‘इंग्लंड देशाची बखर’, ‘हिंदुस्थानचा इतिहास’, ‘हिंदुस्थानातील इंग्लिशांच्या राज्याचा इतिहास’, ‘शून्यलब्धिगणित’. एका माणसाने नीती, व्याकरण, भूगोल, तीन प्रकारचे इतिहास आणि उच्च गणित इतक्या विषयांवर मुलांसाठी लिहावे, ही काही पांडित्याची हौस नव्हती. तसे लिहिणारा दुसरा माणूस हाताशी नव्हता, आणि मुले तर वर्गात येऊन बसली होती.

यांतले एकच उदाहरण घेऊ. ‘शून्यलब्धिगणित’ हे नाव ऐकून लहानपणी मला हसू आले असते. ज्या गणितात शून्यच मिळायचे ते शिकायचे कशाला? पण हे नाव ज्या विषयाचे आहे तो विषय म्हणजे आज महाविद्यालयात मुलांना घाम फोडणारे कलन. समजा, मुधोळहून बासरला एक बैलगाडी निघाली. एकंदर अंतराला एकंदर वेळाने भागले की सरासरी वेग मिळतो. पण गाडी नेमकी ओढ्याच्या उतारावर असताना, त्या क्षणी, तिचा वेग काय? त्यासाठी आपण त्या क्षणाच्या आसपासचा छोटा अवकाश घेतो, मग त्याहून छोटा, मग आणखी छोटा. अंतरही लहान होत जाते, वेळही लहान होत जातो. दोन्ही शून्याकडे जातात, पण त्यांचा भागाकार शून्याकडे जात नाही. तो एका ठरावीक संख्येकडे जातो. भागाकाराला आपल्या जुन्या गणितात लब्धी म्हणत, आणि लीलावती घोकलेल्या कुणालाही तो शब्द परका नव्हता. शून्याशी पोचता पोचता जी लब्धी हाती येते तिचे गणित ते शून्यलब्धिगणित, असा अर्थ मी लावतो. भास्कराचार्यांनी ग्रहांच्या तात्कालिक गतीचा विचार केला होता, हेही ध्यानात घ्यावे. युरोपातून आलेला विषय जुन्या शब्दाच्या पाटावर बसवला म्हणजे तो शिकणाऱ्याला परका वाटत नाही. ही युक्ती संस्कृत आणि इंग्रजी या दोन्ही विद्या ज्याच्या घरच्या झाल्या होत्या त्यालाच साधली.

१८४० साली त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक सुरू केले. मराठीतले हे पहिले मासिक. याचे अंक म्हणजे दरमहा हाती येणारी अभ्यासाची टिपणेच म्हणा ना! भूगोल, इतिहास, रसायन, पदार्थविज्ञान, प्राणी आणि वनस्पती, व्याकरण, गणित असे नाना विषय त्यात असत. सोबत नकाशे आणि आकृत्या असत. शाळा संपवून नोकरीला लागलेला कारकून, शाळा न पाहिलेला सावकाराचा मुलगा, गावोगावचे मास्तर, अशा सर्वांना वर्गाबाहेर शिकता यावे हा त्यामागचा हेतू. हे मासिक सुमारे पाच वर्षे चालले. आजोबांच्या वहीची आणि ‘दिग्दर्शन’ची जात एकच, हे मला उमगले ते या मासिकाविषयी वाचताना. एका वहीत सगळ्या विद्या मावत नाहीत हे दोघांनाही ठाऊक होते. पण प्रत्येक विद्येचे दार कुठल्या दिशेला आहे, एवढे तर दाखवता येते.

या माणसाचा दिवस किती तासांचा होता कोण जाणे. प्राध्यापकी चालू असता कुलाब्याच्या वेधशाळेचे काम त्यांच्याकडे आले. इलाख्यातल्या शाळा तपासण्यासाठी ते फिरतीवर जात. प्राचीन ताम्रपट आणि शिलालेख वाचून त्यांवर निबंध लिहीत, ते रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात छापले जात. १८४० साली त्यांना जस्टिस ऑफ द पीस हा मान मिळाला. १८४५ साली शिक्षक तयार करण्याचा नॉर्मल वर्ग निघाला, त्याची धुरा त्यांच्याकडेच आली. त्याच साली त्यांनी ज्ञानेश्वरी शिळाछापावर छापून काढली. मराठी, संस्कृत, इंग्रजीखेरीज बंगाली, गुजराती, कानडी, तेलुगू, फारसी, फ्रेंच, लॅटिन, ग्रीक या भाषांशी त्यांचा परिचय असल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. तेलुगू आणि फारसी ही नावे त्या यादीत पाहून आपण हैदराबादकरांनी जरा सुखावायला हरकत नाही.

पण हे चरित्र नुसत्या यशाचे नाही. १८४३ साली नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपती हाही मिशनऱ्यांकडे राहिला होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि मुलगा बापाच्या स्वाधीन झाला. आता प्रश्न पडला की परक्यांच्या घरी जेवलेला मुलगा जातीत परत घ्यावा की नाही. शास्त्र जाणणारे पुष्कळ होते, पण शास्त्राचा आधार घेऊन त्या पोराला घरात घ्या असे सांगणारे थोडे. बाळशास्त्री त्या थोड्यांत पुढे होते. शुद्धी करून मुलाला जातीत घ्यावे हा पक्ष त्यांनी धरला, आणि सनातनी मंडळींचा रोष ओढवून घेतला. विधवांच्या पुनर्विवाहाला शास्त्राधार आहे का, याचा विचारही त्यांनी पंडितांकडून लिहवून घेतला. ज्या माणसाला मुलांच्या पुस्तकातला एकेक शब्द तोलून लिहायची सवय होती, त्याला एका मुलाचे आयुष्य शब्दांच्या वादात वाया जाताना पाहवले नसणार.

मे १८४६ मध्ये तापाच्या आजाराने बाळशास्त्री मुंबईत वारले. वय अवघे चौतीस.

येथे चरित्र संपते, पण ज्या गोष्टीसाठी त्यांनी आयुष्य वेचले तिचा निकाल लागायचा होता. १८४० साली सोसायटीची जागा बोर्ड ऑफ एज्युकेशनने घेतली होती, आणि १८४३ पासून सर अर्स्किन पेरी तिचे अध्यक्ष होते. वरचे शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे असे पेरी यांचे ठाम मत. उलट जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी, महंमद इब्राहीम मकबा हे एतद्देशीय सभासद आणि कर्नल जर्व्हिस देशी भाषांच्या बाजूचे. १८४७-४८ साली हा वाद विकोपाला गेला. बाळशास्त्र्यांच्या पश्चात जेमतेम दोन वर्षांनी झालेला हा वाद त्यांच्याच टेबलावरच्या पुस्तकांविषयी होता. मराठीतून कलन शिकवता येते की नाही? येत असेल तर शिकवावे की नाही? पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी पुस्तक लिहून देऊन ठेवले होते. दुसऱ्याचे उत्तर मात्र राज्यकर्त्यांच्या हाती होते. सरकारने तडजोडीची भाषा केली, पण ओघ इंग्रजीकडे वळला. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खालच्या इयत्तांना देशी भाषा आणि वरच्यांना इंग्रजी अशी वाटणी रूढ केली, आणि १८५७ साली निघालेले मुंबई विद्यापीठ इंग्रजीतूनच चालू झाले. उच्च गणिताचे मराठी पुस्तक कपाटात गेले.

गंमत अशी की मुंबईत जे मागे पडले ते साठ वर्षांनी आपल्या हैदराबादेत घडले, पण उर्दूत. १९१७ साली निजाम सरकारने भाषांतरखाते, म्हणजे दारुल तर्जुमा, काढले. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठाचे फर्मान निघाले. इतिहासापासून रसायनापर्यंतची पाठ्यपुस्तके उर्दूत करण्यासाठी मौलवी, पंडित आणि शास्त्रज्ञ एकत्र बसले, आणि त्यांनी हजारो पारिभाषिक शब्द घडवले. हिंदी भाषेतून उच्च शिक्षण देता येत नाही, या समजाला त्या विद्यापीठाने कृतीने उत्तर दिले. हे श्रेय मोकळ्या मनाने दिले पाहिजे. पण मराठी, तेलुगू आणि कानडी बोलणाऱ्या प्रजेला ती उर्दूही परकीच होती. मुधोळच्या मराठी मुलाला जगाची विद्या देशी भाषेत मिळाली, पण ती त्याच्या घरची भाषा नव्हती. त्याआधीच, १९०७ साली, केशवराव कोरटकर प्रभृतींच्या पुढाकाराने हैदराबादेत विवेकवर्धिनी निघाली. आणि जेथे विवेकवर्धिनी पोचू शकत नव्हती, तेथे कुणी तरी आजोबा कंदिलापाशी वही उघडून बसत होते. दारुल तर्जुमामध्ये पगारी विद्वान जे करीत होते तेच मुधोळच्या ओसरीवर एक पटवारी आपल्या दोन मुलांपुरते करीत होता. दोघांच्याही आधी ऐंशीहून अधिक वर्षे एका अठरा वर्षांच्या मुलाने ते काम साऱ्या इलाख्यासाठी अंगावर घेतले होते. वहीच्या पहिल्या पानावरचे नाव तेथे का आले, हे मला असे उलगडत गेले.

बाळशास्त्र्यांची पुस्तके आज सहज मिळत नाहीत. त्यांचे विखुरलेले लेखन ग. गं. जांभेकर यांनी १९५० च्या सुमारास संकलित करून तीन खंडांत प्रसिद्ध केले, त्यामुळे अभ्यासकांची सोय झाली. पण मुलांच्या हातची ती मूळ पुस्तके दुर्मिळ झाली, याचे मला आता नवल वाटत नाही. काव्याचे पुस्तक कपाटात राहते. अभ्यासाचे पुस्तक मुलाच्या दप्तरात राहते, धाकट्या भावाकडे जाते, शेजाऱ्याकडे जाते, पाने सुटतात, आणि शेवटी वाण्याकडे पुड्या बांधायला जाते. ते जितके उपयोगी पडेल तितके लवकर झिजते. लेखकाचे नाव पहिल्या पानावर असते, आणि पहिले पान सगळ्यांत आधी फाटते.

अलीकडे बासरला गेलो होतो. २००८ साली तेथे राजीव गांधी ज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ निघाले. खेड्यापाड्यांतली हुशार मुले दहावीनंतर तेथे सहा वर्षांच्या अभियांत्रिकी शिक्षणासाठी राहतात. गावच्या रस्त्यावर एका दुकानात टिपणांच्या छायाप्रती काढायला मुलांची रांग लागली होती. गणित, पदार्थविज्ञान, रसायन, सगळे विषय एका गठ्ठ्यात. माझ्या पुढे एक मुलगा उभा होता. तो दुकानदाराशी तेलुगूत बोलला, हातातली पाने इंग्रजीत होती, आणि फोनवर आईशी बोलला ते आमच्या मुधोळकडच्या मराठीत. मी त्याच्या पानांकडे वाकून पाहिले. कलनाची सूत्रे होती. मी त्याला विचारले की ही कळली का? त्याने प्रामाणिकपणे सांगितले की पाठ झाली आहेत, कळायची आहेत.

परीक्षेच्या टिपणांची चेष्टा करण्याची आपल्या शिकलेल्या लोकांत रीत आहे. मलाही ती सवय होती. आता नाही. टिपणे वाईट नसतात. ती कुणी, कुणासाठी आणि कशासाठी काढली, यावर सारे ठरते. मुलाला प्रश्न टाळता यावा म्हणून काढलेली टिपणे एक, आणि मुलाला प्रश्न दिसावा म्हणून काढलेली टिपणे दुसरी. बाळशास्त्र्यांनी सोळा वर्षे दुसऱ्या जातीची टिपणे काढली, आणि ती आईच्या भाषेत काढली. इंग्रजीशी त्यांचे वैर नव्हते. त्यांच्या वृत्तपत्राच्या प्रत्येक पानावर ती मराठीच्या शेजारी होती. त्यांचे म्हणणे एवढेच असावे की शेजारचा स्तंभ कोरा ठेवू नये.

त्या मुलाला रांगेबाहेर ओट्यावर बसवून मी बैलगाडीचे उदाहरण सांगितले. मुधोळहून बासर, वाटेतला उतार, लहान लहान होत जाणारा अवकाश, आणि शून्याशी पोचताना हाती येणारी लब्धी. मी मराठीत बोलत होतो, तो मान डोलवत होता, आणि मध्येच त्याने आपल्या इंग्रजी पानावरच्या एका सूत्रावर बोट ठेवून हेच का ते असे विचारले. तेच ते, मी म्हणालो. त्याने खिशातून पेन काढले आणि समासात दोन ओळी मराठीत लिहून घेतल्या.

घरी आल्यावर आजोबांची वही काढली. शेवटची दहा-बारा पाने कोरी आहेत. वडिलांनी त्यांवर काही लिहिले नाही, मीही लिहिले नाही. त्यातल्या पहिल्या कोऱ्या पानावर त्या रात्री मी शून्यलब्धि असा मथळा घातला आणि गाडीचे उदाहरण, जसे त्या मुलाला सांगितले होते तसे, मोठ्या सुट्या अक्षरांत उतरवले. अकरा पाने अजून शिल्लक आहेत.